उन्हाकडचं बाक

हात आला नाही.

बाकी सगळं व्हायचं तसं झालं. उंब्रजच्या नाक्यावर डावीकडच्या बोळातून उसानं भरलेली बैलगाडी सरळ हमरस्त्यात घुसली, यांनी ब्रेक दाबला, टायर किंचाळले, आणि आमची जुनी काळी गाडी बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर गपकन उभी राहिली. नवा खाकी पट्टा माझ्या खांद्यात आणि कमरेत करकचून रुतला आणि त्यानं मला सीटला धरून ठेवलं. डोकं आपटलं नाही, बांगडी फुटली नाही, मांडीवरचा लाडवांचा डबासुद्धा पायात पडला तो झाकण न उघडता. बघणारा कुणीही म्हणाला असता, वाचलात, देवाची कृपा. मी मात्र डोळे मिटून, श्वास कोंडून वाट बघत बसले होते. कशाची, ते माझं मलाही आधी कळेना. मग कळलं. मी यांच्या हाताची वाट बघत होते.

"बघितलंस?" हे म्हणाले. "बघितलंस ब्रेक कसे लागले? जुने असते तर बैलासकट उसात गेलो असतो."

आवाज जरा जास्तच मोठा होता. गाडीवान खाली उडी मारून बैलाच्या तोंडावरून हात फिरवत होता आणि आमच्याकडे बघून ओरडत होता, "आवं, ध्यान कुटं हाय तुमचं? बैल मेला असता की माजा!" चूक सरळसरळ त्याची होती. एरवी यांनी काच खाली करून त्याला रस्त्याचे नियम पहिल्यापासून शिकवले असते आणि मागं दहा गाड्या खोळंबल्या असत्या. आज यांनी नुसता उजवा हात वर केला. माफी मागितल्यासारखा. लग्न झाल्यापासून मी यांना कुणाची माफी मागताना पाहिलेलं नव्हतं, बैलगाडीवाल्याची तर सोडाच. म्हणून मी वळून यांच्याकडे पाहिलं. फेब्रुवारीतल्या सकाळच्या गारव्यात वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. आणि डावा हात सीट आणि गिअरच्या दांड्याच्या मधल्या फटीत तळवा वर करून पडला होता. मी बघत असतानाच तो थोडासा उचलला, चार बोटं वर आला, आणि परत पडला. मग यांनी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं, त्याला उचललं आणि गिअरच्या गोट्यावर नेऊन ठेवलं. खाली पडलेली वस्तू उचलून जागच्या जागी ठेवावी, तसं. "चला," हे म्हणाले, आणि गाडी निघाली. मी लाडवांचा डबा उचलून मांडीवर घेतला.

हा हात काय होता हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायचं म्हटलं तरी ऐकणारा हसेल. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही नरसोबाच्या वाडीला निघालो, तेव्हा मागच्या सीटवर मामंजी, सासूबाई, आत्याबाई आणि पितळी डबे एवढी गर्दी होती की नव्या नवरीला पुढे, नवऱ्याशेजारी बसवण्यावाचून इलाज उरला नव्हता. मी खाली मान घालून, दाराला चिकटून बसलेली. वाटेत कुत्रं आडवं आलं. यांनी ब्रेक दाबला आणि त्याच क्षणाला यांचा डावा हात माझ्या पुढ्यात आडवा आला. दाराच्या अडसरासारखा. मी त्या हातावर आपटले आणि मागे आले. मग सासूबाई खाकरल्या आणि म्हणाल्या, "चिंतामण, गाडी नीट चालव." यांचे कान लाल झाले होते. आमच्या घरात नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. भाजी काय करायची हेही सासूबाईंमार्फत ठरे. त्या घरात तीन वडीलधाऱ्यांच्या देखत माझ्या नवऱ्यानं मला धरलं होतं, आणि कुणाला एक अक्षर काढता आलं नव्हतं. वाडीला दत्तासमोर हात जोडून मी काय मागितलं असेल? परतीच्या वाटेवर पुन्हा एखादं कुत्रं आडवं यावं, एवढंच. तेव्हा सतरा वर्षांची होते, शहाणपण कुठून असणार!

आणि कुत्री आडवी आलीच की. तेव्हा या गाडीला सळ्यांचे, म्हणजे पायानं लोखंडी सळ्या ओढून लागणारे ब्रेक होते. एका संस्थानाच्या कारभाऱ्याकडून मामंजींनी ती घेतली, तेव्हापासूनच तिला थांबायचा कंटाळा. आधीपासून दाबत जावं लागे, एका बाजूला ओढे, मग एक हिसका देऊन थांबे. हिसका आला की हात आलाच. म्हैस, सायकलवाला, रेल्वेचं फाटक, आमराईजवळचा खड्डा. हात यायचा आणि गाडी थांबली की गुपचूप परत गिअरवर जायचा. तोंडानं या माणसानं मला कधी 'बरी दिसतेस' म्हटलं नाही. साडी आणली तर 'दुकानदारानं गळ्यात मारली' म्हणून पुढे टाकणार. ऑइल इंजिनांची एजन्सी चालवणारा माणूस. प्रेमापेक्षा पिस्टनबद्दल जास्त बोलतो. पण हात खोटं बोलत नसे. उमा पोटात असताना तर हात ब्रेकच्याही आधी यायचा. एकदा थिएटरात पडद्यावर आगगाडी अंगावर आली तेव्हाही आला होता, आणि शेजारचा माणूस आमच्याकडे टकमका बघत राहिला. मी हसून हसून बेजार झाले आणि हे मध्यंतरापर्यंत रुसून बसले होते. हाताबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. बोललो असतो तर तो लाजून यायचा बंद झाला असता, अशी मला भीती वाटे.

उंब्रज मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोडसर धूर. हे नव्या ब्रेकांविषयी बोलत होते. सळ्यांनी चाकं कशी पुढेमागे अडकतात आणि तेलाच्या ब्रेकमध्ये चारही चाकांना एकाच वेळी कसा जोर लागतो, हे मी दसऱ्यापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. मी 'हं' म्हणत होते. माझ्या कानांत कसलीतरी पोकळ घरघर भरून राहिली होती. इंजिनाची नव्हे, माझीच. मी डबा दोन्ही हातांनी आवळून धरला होता. नजर मात्र फिरून फिरून त्या हाताकडे जात होती. गिअर बदलताना हे सगळं अंग डावीकडे टाकत होते. सांगलीहून निघाल्यापासून मी ते बघत होते आणि मनात म्हणत होते, काय ही ऐट, नवे ब्रेक बसवले तर जणू शर्यतीत निघालेत. ऐट नव्हती ती. हात ढकलत नव्हता. खांदा ढकलत होता, हात मध्ये नुसता होता.

आणि मग दसऱ्याआधीची ती म्हैस आठवली. मिरजेहून येताना म्हैस मध्ये आली, यांनी ब्रेक दाबला आणि माझं कपाळ समोरच्या लोखंडी पट्टीवर फाडकन आपटलं. रक्त, टाके, सगळं झालं. टाके नेमके कुंकवाच्या जागी, तेव्हा कुंकू टाक्यांच्या वर लावायचं की खाली, यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी आठवडाभर चर्चा केली. हे त्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर एकटेच बसले होते, रंग उडालेला. "ब्रेक लागले नाहीत," हे म्हणाले. डॉक्टरला म्हणाले, शेजाऱ्यांना म्हणाले, रस्त्यात भेटेल त्याला थांबवून म्हणाले. "ब्रेकच लागले नाहीत हो." मीही तेच सांगत फिरले. आता, उसाच्या फडांमधून जाताना, ती म्हैस मला स्वच्छ दिसली. ती रस्त्याच्या मधोमध रवंथ करत उभी होती आणि गाडी तिच्यापासून चांगली चार पावलं अलीकडे थांबलेली होती. ब्रेक लागले नसते तर आम्ही म्हशीवर गेलो असतो. ब्रेक लागले होते. लागले होते म्हणूनच मी आपटले. त्या दिवशीही हात आला नव्हता.

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. "काय गं?" यांनी विचारलं.

"काही नाही. पट्टा रुततोय."

"रुतायलाच पाहिजे. सैल असून काय उपयोग?"

नाथाजी मिस्त्री पहिल्या दिवशीच म्हणाला होता. पलटणीत गाड्यांच्या खाली उताणं पडून आयुष्य काढलेला माणूस, आमच्या अंगणात गाडीखालून निम्मा बाहेर येऊन यांना सांगत होता, "अण्णा, ब्रेकला काय बी झाल्यालं न्हाई. सळ्या ताणून देतो, अजून लय वर्सं जात्याल." हे त्याच्यावर उखडले. तेलाचेच पाहिजेत म्हणाले. मग कोल्हापूरच्या भंगारातून एका मोडीत निघालेल्या गाडीची चाकं, ड्रम, नळ्या आल्या, त्या काही बसेनात, पुन्हा कापाकापी, पुन्हा कोल्हापूर. ते संपतंय तोवर पट्ट्याचं खूळ निघालं. इंजिनांच्या कंपनीकडून आलेल्या विलायती मासिकात यांनी चित्र बघितलं होतं. पुण्याला जाऊन लष्कराच्या जुन्या सामानाच्या बाजारातून पॅराशूटचे की कसले जाड पट्टे उचलून आणले. गाडीच्या तळाला भोकं पाडून, खालून लोखंडी पट्ट्या देऊन ते बोल्टांनी आवळले. चहा द्यायला गेले तेव्हा नाथाजी हळूच मला म्हणाला, "वैनी, हे पट्ट्याचं येड कुटनं भरलं वो अण्णांच्या डोक्यात? मानूस काय इमानात बसतोय व्हय?" मी हसले. म्हटलं, वय झालं की यांचं यंत्राचं खूळ वाढतं, दुसऱ्यांना तंबाखू लागते. पट्टा बांधून मला अंगणात गाडीत बसवलं, यांनी दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं, खांद्यापाशी बोट घालून ओढून पाहिलं. पाचवेळा सैल, पाचवेळा घट्ट. मी म्हटलं, "तिरडीवर बांधतात तसं वाटतंय हो." हे एकदम थांबले. मग म्हणाले, "वाट्टेल ते बोलू नकोस." घर सोडून गेले ते जेवायलाच आले. मला वाटलं, अशुभ बोलले म्हणून रागावले. आता कळलं. दसऱ्यापासून हा माणूस भंगारबाजारात, लष्कराच्या सामानात, सांगली-कोल्हापूर-पुणे फिरून माझ्यासाठी एक हात शोधत होता.

यांच्या सीटलाही पट्टा होता. तो आताही खांबाला लोंबकळत होता आणि गाडीच्या हिंदोळ्याबरोबर दारावर टकटक वाजत होता. "तुम्ही नाही बांधत?" मी सकाळी विचारलं होतं. "मला धरायला स्टिअरिंग आहे," हे म्हणाले होते. पट्ट्याची कडी लावायला दोन हात लागतात. एकानं जीभ धरायची, दुसऱ्यानं कडी. टक, टक, टक. एवढी साधी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती आणि मी स्वतःला चाणाक्ष समजते. दसऱ्यापासून हे चहा बशीत ओतत नाहीत, कपानंच पितात, तेव्हा मी म्हटलं होतं, आता काय साहेब झालात वाटतं. सदऱ्याची बटणं लावायला आरशासमोर अर्धा तास घेतात, तेव्हा म्हटलं होतं, म्हातारपणी नटायला सुचतंय. प्रत्येक वेळी हे हसले होते.

मामंजींचं असंच झालं होतं. डाव्या अंगावरून वारं गेलं आणि पुढची सहा वर्षं ते माजघरातल्या खाटेवर होते. त्यांचा तो हात मी दिवसातून दोन वेळा उचलून उशीवर ठेवायची. जड, गार, दुसऱ्याच कुणाचातरी असल्यासारखा. पेज भरवताना ते डोळे मिटून घ्यायचे, भरवणारी सून दिसू नये म्हणून. तेराव्यानंतर सगळे पांगले तेव्हा हे मला म्हणाले होते, "माझं असं झालं तर मला गाडीत घालून आयर्विन पुलावर ने आणि तिथंच सोड." मी म्हटलं, "मला कुठं गाडी येते चालवायला?" आणि दोघंही हसलो होतो. तेव्हा हसू आलं होतं, खरंच.

मला राग आला. भीती वाटली, रडू आलं, पण सगळ्यात जास्त राग आला. कारण आज आम्ही सातारला सहज हवा खायला चाललो नव्हतो. उमाला सातवा महिना होता. डोहाळजेवण उरकून तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं, आणि 'माझी लेक एसटीच्या धक्क्यांत येणार नाही, मी स्वतः आणीन' असा यांनी धोशा लावला होता. पुढचा पट्टा नाथाजीकडून मुद्दाम वीतभर वाढवून घेतला होता, तिच्या पोटाखालून जावा म्हणून. दुपारनंतर माझ्या जागी ती बसणार होती. त्या हाताच्या शेजारी. हाताला गिअर ढकलवत नाही, कडी लाववत नाही, आणि हे एकट्याच्या उजव्या हातावर माझ्या पोरीला आणि तिच्या पोराला घेऊन पेठ नाक्यापर्यंत ट्रकांच्या रांगेतून निघणार होते. असं कसं करवतं? एका माणसाला आपली लाज इतकी मोठी कशी होते? विचारावं असं शंभरदा ओठांवर आलं. आणि दरवेळी आयर्विन पुलाचं ते बोलणं आठवलं आणि ओठ मिटले. मी विचारलं तर हे 'हो' म्हणणार नाहीत. आणि 'हो' म्हणाले तर त्या क्षणापासून खाटेवर जाऊन पडतील, हे मला पक्कं माहीत होतं. अजिंक्यतारा दिसायला लागला तेव्हा हे लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, "आलो की नाही सुखरूप?"

पोवई नाक्याजवळच्या व्याह्यांच्या घरी काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी जेवले, पण काय जेवले ते सांगता येणार नाही. हिरवी साडी नेसलेली उमा माझ्या कुशीत शिरली. तिच्या पोटाचा घट्ट गोल माझ्या पोटाला लागला आणि मी दचकून मागे सरले. "काय झालं आई? बरं नाही का तुला?" जावई बँकेत गेले होते. व्याही विष्णुपंत अंगणात गाडीभोवती फिरत होते आणि हे त्यांना उजव्या हातानं पट्टे दाखवत होते. डावा कोटाच्या खिशात. "वा चिंतामणराव! म्हणजे सुनेला आमच्या बांधून नेणार म्हणा की!" विष्णुपंत हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या दारातून म्हणाल्या, "गर्भारशीनं दावंसुद्धा ओलांडू नये म्हणतात. आणि हे तर अंगावर बांधायचं! मला बाई पटत नाही."

असल्या समजुतींची मी आयुष्यभर टर उडवली आहे. सासूबाईंशी त्यावरून माझी वर्षानुवर्षं धुसफूस चाले. उमाचं डोहाळजेवण ठरलं तेव्हा विहीणबाईंनी पाठवलेल्या सूचना वाचून मी आणि हे जोडीनं हसलो होतो. पण बुडत्याच्या हाताला जे लागेल ते खरं.

"विहीणबाई म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हणाले. "या गाडीतून मी उमाला नेणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "अगं, पट्टा पोटाच्या खालून घ्यायचाय," हे म्हणाले. "नसेल पटत तर मागं बसू दे तिला."

"मागंही नाही. उंब्रजला बैल आडवा आला. अपशकुन झाला. आज गाडीनं जायचं नाही."

"आई, तू?" उमाला हसू फुटलं. "तू अपशकुन मानतेस?"

"मानते."

"वेड लागलंय का तुला?" यांचा आवाज चढला. "मॅट्रिक झालेली बाई, आणि व्याह्यांच्या दारात हे बोलतेस? दसऱ्यापासून मी राबतोय ते कशासाठी? त्या ब्रेकनीच वाचलीस तू सकाळी!"

"वाचले ना? मग बास. एसटीनं जाऊ."

"मी नाही येणार एसटीनं. आणि माझी मुलगीही येणार नाही."

विष्णुपंत घसा खाकरून आत बघायला लागले. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता, पण माझ्या वेडेपणाला त्याही जराशा बिचकल्या होत्या. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. आत कुणीतरी किंचाळत होतं, सांगून टाक, सांगून टाक. तेवढ्यात चहा आला. विहीणबाईंच्या घरची पद्धत अशी की चहा काठोकाठ, बशीत सांडलेला; तो बशीत ओतल्याशिवाय कुणाला पिताच येत नाही. यांनी उजव्या हातात कपबशी घेतली. घेतली आणि तशीच धरून राहिले. ठेवायला जवळ काही नव्हतं. खिशातल्या हाताच्या कोपराला एक हिसका बसलेला मी पाहिला. बशीत कप थरथरायला लागला, आणि त्याचा किणकिण आवाज सगळ्या ओसरीत भरला.

मी पुढे गेले. यांच्या हातातून कपबशी घेतली, चहा बशीत ओतला, आणि बशी यांच्या उजव्या हातात दिली. कप मी धरून ठेवला. व्याही, विहीण, मुलगी, सगळ्यांच्या देखत मी नवऱ्याच्या पुढ्यात अशी उभी राहिले, जशी कधीच राहिले नव्हते. हे बशीकडे बघत होते. मग यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत आधी राग होता, मग भीती, इतकी उघडी भीती की मला नजर फिरवावीशी वाटली. मी फिरवली नाही. मी नुसता कप पुढे धरला. हे बशीतला चहा प्याले. मी उरलेला ओतला, तोही प्याले. रिकामी बशी माझ्या हातात देताना यांची बोटं गार पडली होती.

"बरं," हे म्हणाले, विष्णुपंतांकडे बघून. "एसटीनं जाऊ. गाडी राहू दे तुमच्याकडे चार दिवस. नाथाजी येऊन घेऊन जाईल. ब्रेक अजून नवे आहेत हो, मलाच त्यांचा भरवसा वाटत नाही."

स्टँडवर पोचेपर्यंत उमा तेवढी बडबडत होती. मला वाटलं, तोडलं मी. बावीस वर्षं जे बोलायचं टाळलं ते आज चव्हाट्यावर केलं, आता हा माणूस घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि खाटेची वाट बघेल. सांगलीची गाडी लागली होती. आत शिरल्यावर मी डावीकडच्या सावलीतल्या रिकाम्या बाकाकडे वळले, तर हे म्हणाले, "तिकडं नको. इकडं बसा." आणि ड्रायव्हरच्या बाजूचं बाक दाखवलं. तिथं दुपारचं ऊन रखरखत आत आलेलं.

"अहो, उन्हात कशाला? पोरीला त्रास होईल."

"खिडकीला टॉवेल लावतो. इकडंच बसा."

मला खरंच वैताग आला. एवढं सगळं झाल्यावरही यांचा हट्ट काही सुटत नाही, पंख्यापासून बाकापर्यंत सगळं यांच्याच मनासारखं हवं. उमा खिडकीशी बसली, मी मध्ये, आणि हे माझ्या डाव्या हाताला, कडेला. यांनी उजव्या हातानं आणि दातांनी टॉवेलाची गाठ मारून तो खिडकीला लावून दिला. तरी ऊन माझ्या डोळ्यांवर येतच होतं. गाडी सुटली. सातारा मागे पडला. उमा माझ्या खांद्यावर मान टाकून पेंगायला लागली. मी समोर बघत होते. डोक्यात काही नव्हतं, नुसतं भणभणत होतं, मार बसल्यानंतर भणभणतं तसं.

उंब्रजच्या अलीकडे ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. गाडीभर लोक पुढे फेकले गेले, वरून एक वळकटी पडली, कुणाचं तरी पोर रडायला लागलं. मी दोन्ही हातांनी उमाचं पोट धरलं. आणि माझ्या छातीवर, अडसरासारखा, आडवा हात आला. तो माझ्यापुढून जाऊन उमाच्या दंडापर्यंत पोचला आणि तिथं घट्ट धरून राहिला. त्याच्यावर नेहमीचा घड्याळाचा पट्टा नव्हता. उजवा हात.

गाडी थांबली होती. लोक ड्रायव्हरला शिव्या घालत होते. मी त्या हाताकडे बघत राहिले, मग माझ्या डावीकडे बसलेल्या यांच्याकडे, मग पलीकडच्या रिकाम्या सावलीच्या बाकाकडे. हे सरळ पुढे बघत होते. कान लाल झाले होते.

गाडी पुन्हा चालू झाली तरी हात गेला नाही.

"ऊन लागतंय का?" यांनी विचारलं. "पलीकडं सावलीला जागा आहे. जायचं तिकडं?"

"नको," मी म्हणाले. "इथंच बरं आहे."